सांधणी

बीम संपलं की मला बोलावतात,
वडगावात, खासबागेत, कुठल्याही गल्लीत.
मी मागाच्या पाठीमागं मांडी घालून बसतो
(बाई असून 'बसतो' म्हणतो, आमच्याकडं असंच म्हणतात),
बोटांना चुलीतली राख लावतो
आणि जुन्या ताण्याच्या टोकाला
नव्या ताण्याचं टोक धरून पीळ देतो.
एक. मग त्याच्या शेजारचं.
साडेतीन हजार धागे, दिवस मावळेपर्यंत.
एक जरी भलत्याला लागला
तर काठावरची कोयरी लंगडी निघते.

हे सांगायचं कारण निजगुण.
महांतेश नेसरगीचा धाकटा. नऊ वर्षांचा.
हाडाच्या आत रक्त विणणारा त्याचा माग
गेल्या दसऱ्यात बंद पडला.
आधी हिरड्यांतून रक्त, मग पिंढऱ्यांवर निळे डाग.
मास्तरांना वाटलं, पोराला घरी मारतात.

बेंगळूरचे डॉक्टर म्हणाले,
दुसऱ्या कुणाच्या तरी हाडातलं बियाणं लागेल,
दहापैकी दहा खुणा जुळणारं.
अक्काच्या पाच जुळल्या.
आईच्या पाच. बापाच्या पाच.
पाचावरही करतात म्हणे कधी कधी,
पण आधी दहावाला शोधा, म्हणाले.
महांतेश कानडीत सांगत होता, रडत होता.
मला धाग्याचं कळतं, म्हणून सगळं कळलं.

रविवारी शाळेत टेबल मांडलं.
पहिल्यांदा मीच गेलो, राख धुऊन, इस्त्रीचं लुगडं नेसून.
पोरगीनं विचारलं, मावशी, वय?
छप्पन.
ती आधी कानडीत म्हणाली, मग मराठीत.
दोन्हीकडून तेच. चालत नाही.

बरं. तोंड तर चालतंय.

म्हणून रुद्राप्पा, तुला सांगतो, माग थांबव जरा.
कण्यात सुई घालत नाहीत.
गालाच्या आत कापूस फिरवतात,
कुंदा खाल्ल्यावर जीभ फिरते तसा.
मग वहीत नाव. झालं.
बोलावणं दहा वर्षांनी येईल, नाही तर कधीच नाही.
आलंच, तर चार-पाच दिवस इंजेक्शनं,
ताप आल्यागत अंग दुखतं, खोटं कशाला सांगू,
आणि मग बहुतेकांना चार तास खुर्चीत:
या हातातून रक्त निघतं, यंत्रातून गाळून
त्या हातात परत येतं, धोट्यासारखं.
कुणाकुणाचं कमरेच्या हाडातून काढतात, भूल देऊन.
महिन्या-दोन महिन्यांत तुझं तुझ्याकडं भरून येतं.

पण हो म्हणून मागं फिरणार असशील
तर आत्ताच घरी जा, मी रागावणार नाही.
कारण तू शब्द दिलास की तिकडं
त्याचा जुना ताणा कापून टाकतात.
मग नवीन आलंच नाही, तर?

आणि पाट्यांचं काढू नकोस.
कुठली अक्षरं वर, कुठली खाली,
यावरून फुटलेल्या काचा मीही झाडल्यात.
डॉक्टर म्हणाले, खुणा जुळल्या तर
बहुतेक जवळच्याच मुळांत जुळतील.
म्हणजे इथंच कुठं तरी. खानापुरात, चिकोडीत,
निपाणीत तंबाखू निवडणाऱ्या एखादीच्या अंगात.
तुझी खापरपणजी नदीच्या कुठल्या काठावरून
लग्न होऊन आली, तुला तरी ठाऊक आहे का?

त्या दिवशी एक्केचाळीस नावं झाली.
निजगुणाशी एकही जुळलं नाही. अजून तरी.
तो मागाजवळ बसून रिकाम्या कांड्या मोजतो,
तोंडाला मास्क, शेजारी पाण्याची बाटली.

पण पुंडलिक बिर्जेच्या सुनेला फोन आला.
कुणीतरी, कुठंतरी, दहापैकी दहा.
नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत.
ती जाऊन आली, चौथ्या दिवशी भाकऱ्या थापत होती.
मला विचारत होती, मावशी, कोण असेल हो ते?

मी म्हणालो, पोरी,
मी सांधलेल्या ताण्याची साडी
कोण नेसलं, हे मला कधी कळलंय?

येत्या रविवारी टेबल परत आहे.
रुद्राप्पा, तुझा थोरला
आता अठरा पुरा झाला असेल की.